आमची मासोळी कोपऱ्यात बसलीये. उदास म्हणायचं की आणखी काही?

सिडकोचा शिलेदार
६ जानेवारी, रात्री १०:२०

मंडळी, हसायचं तर हसा, पण उत्तर द्या.

घरात तीन फुटी टँक आहे. त्यात दोन वर्षं कॉन्व्हिक्ट सिक्लिडची जोडी होती. अंगावर काळे-राखाडी पट्टे, म्हणून कैद्याचं नाव. मागच्या मंगळवारी नर गेला. सकाळी बघतो तर फिल्टरच्या तोंडाशी आडवा. कारण कळलं नाही. तेव्हापासून मादी मागच्या डाव्या कोपऱ्यात बसून आहे. एरवी खडी उकरून डोंगर करायची, काचेवर बोट टेकवलं की अंगावर धावून यायची. आता दाणे टाकले तर दोन खाते, बाकीचे तळाला जातात.

आई म्हणते, "जोडीदार गेलाय तिचा, एवढं कळत नाही का तुला?" बाबा म्हणतात, "माशाला कसलं आलंय दुःख, तीन सेकंदांत विसरतो तो." काल संध्याकाळी आईने देवघर सोडून टँकसमोर बसून जप केला. घरातलं वातावरण हे असं आहे.

तर प्रश्न असा, की माशांना भावना असतात का याचा कुणी नीट अभ्यास केलाय का? व्हॉट्सॲपवरचा नको, खरा.

पेठरोड
६ जानेवारी, रात्री १०:४१

तीन सेकंद ही थाप आहे. आमच्याकडचा गोल्डफिश फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज ओळखायचा, कारण त्याचं खाणं फ्रीजमध्ये असायचं. बाबांना सांगा.

कोष्टक
६ जानेवारी, रात्री ११:०५

आईंचा पूर्ण आदर राखून सांगतो, हे आपलं मन माशावर चिकटवणं आहे. मी नाशिकच्या अंबडला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. आमच्या भट्टीत तापमान मोजणारा थर्मोकपल असतो, तापमान वाढलं की कंट्रोलर गॅस कमी करतो. म्हणून भट्टीला चटका बसला असं कुणी म्हणत नाही. मासा गळाला लागला की झटके देतो, ते याच जातीचं. खाली संवेदक, वर आपोआप उमटणारा प्रतिक्षेप, मध्ये कुणी राहत नाही.

क्वीन्सलँड विद्यापीठाचे ब्रायन की यांनी २०१६ मध्ये यावर सविस्तर लेख लिहिलाय. आपल्याला वेदना जाणवते त्यासाठी मेंदूचं बाह्यक, म्हणजे कॉर्टेक्स लागतं. माशाला ते नाहीच. मग जाणवणार कुठे? त्याच्या आधी २००२ मध्ये वायोमिंगचे जेम्स रोझ हेच सांगून गेलेत.

निफाडची द्राक्षं
६ जानेवारी, रात्री ११:१८

वाचतेय. आईंना नमस्कार सांगा.

मीनाक्षी
७ जानेवारी, सकाळी ७:३०

या विषयावर न लिहिणं मला शक्य नाही. प्राणिशास्त्रात एमएस्सी करून पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत चार वर्षं झेब्राफिश सांभाळले. (हो, आयडी मुद्दामच घेतलाय.) झेब्राफिश म्हणजे दुकानात झेब्रा डॅनिओ म्हणून स्वस्तात मिळतो तोच. आपल्याकडच्या ओढ्यांतला मासा, पण आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्या पिढ्या वाढताहेत.

कोष्टक, थर्मोकपलचं उदाहरण चांगलं आहे, त्याच्यापासूनच सुरू करू. इजा ओळखणारी यंत्रणा वेगळी आणि वेदना वेगळी, हे कुणीच नाकारत नाही. २००३ मध्ये एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या चेहऱ्यावरचे ५८ संवेदक तपासले. त्यातले २२ इजा ओळखणारे निघाले. हे झालं तुमचं थर्मोकपल. पुढे त्यांनी ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक ॲसिड टोचलं. मासे तळाशी बसून डावी-उजवीकडे डुलायला लागले, ॲसिडवाले ओठ खडीवर घासायला लागले, कल्ल्यांची उघडझाप वाढली, आणि जवळपास तीन तास अन्नाला तोंड लावलं नाही. नुसतं सलाइन टोचलेले त्याच्या निम्म्या वेळात खायला आले. मॉर्फिन दिल्यावर डुलणं, घासणं कमी झालं.

इथवर तुम्ही म्हणाल, मोठा प्रतिक्षेप. ठीक. आता पुढचं ऐका. ट्राउट नवीन वस्तूला बिचकतो. त्यांनी टँकमध्ये लेगोच्या ठोकळ्यांचा लाल मनोरा ठेवला. धड मासे त्याच्यापासून लांब राहिले. ॲसिड टोचलेले मात्र त्याच्या जवळून फिरत राहिले, जणू तो दिसलाच नाही. मॉर्फिन दिल्यावर पुन्हा बिचकायला लागले. म्हणजे दुखणं त्यांचं लक्ष खात होतं. प्रतिक्षेप दुसऱ्या कामातलं लक्ष कशाला खाईल?

आणि माझा सगळ्यात आवडता प्रयोग. झेब्राफिशला दोन कप्पे दिले. एकात वनस्पती, खडी, सोबतीला दुसरे मासे दिसणारे. दुसरा ओसाड आणि भगभगीत उजेडाचा. अर्थातच ते पहिल्यात राहतात. ॲसिड टोचलं तरी पहिल्यातच राहतात. मग ओसाड कप्प्याच्या पाण्यात भूल आणणारं औषध, लिडोकेन, विरघळवलं. ॲसिडवाले मासे आवडता कप्पा सोडून तिकडे गेले. सलाइनवाले नाही गेले.

तुमची भट्टी कधी काही सोडून देते का, कोष्टक? माशाला तोंडाने सांगता येत नाही. पण तो कशाच्या बदल्यात काय सोडतो हे मोजता येतं, आणि या क्षेत्रातलं निम्मं काम तेवढंच आहे.

दातखिळी
७ जानेवारी, सकाळी ९:१२

लिडोकेन म्हणजे आपलं लिग्नोकेन. कॉलेजरोडवर माझ्या दवाखान्यात रोज डझनभर इंजेक्शनं देतो. अक्कलदाढ ठणकत असलेला माणूस समोर टीव्हीवर काय चाललंय ते सांगू शकत नाही, तो लेगोचा मनोरा मला लगेच पटला.

पण मीनाक्षीताई, एक शंका. भूल दिल्यावर रुग्ण काय सांगतो यावर मी विसंबतो. बेशुद्ध माणूसही सुई टोचली तर हात मागे घेतो. तिथे तुमची सीमारेषा कुठे?

कोष्टक
७ जानेवारी, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. कप्प्याचा प्रयोग चांगला आहे, मान्य. पण दोन गोष्टी.

एक, ट्राउटच्या चेहऱ्याच्या नसेत सी-तंतू फक्त ४ टक्के आहेत, हे स्नेडनबाईंचंच मोजमाप. बोथट, रेंगाळणारी ठणक वाहून नेणारे तंतू ते हेच, आणि सस्तन प्राण्यांत ते कितीतरी जास्त असतात.

दोन, जोसेफ ले डू नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने सगळी हयात भीतीच्या अभ्यासात घालवली आणि शेवटी तोच म्हणाला, की उंदराच्या मेंदूत जे आम्ही मोजतो त्याला बचावाचं सर्किट म्हणा, भीती म्हणू नका. भीती हा अनुभव आहे. उंदराच्या बाबतीत एवढी सावधगिरी, तर माशाच्या बाबतीत किती हवी?

गळ आणि गप्पा
७ जानेवारी, रात्री ८:४५

तुमच्या सर्किटात पडत नाही भो. मी मूळचा सटाण्याचा, आता वीस वर्षं गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर रविवारी गळ टाकून बसतो. कणकेची गोळी, कधी गांडूळ. अनुभव सांगतो.

कटला किंवा रोहू गळाला लागून सुटला, ओठ फाटून निसटला, की त्या जागी पुढचा तास-दोन तास काही लागत नाही. जागा बदलावी लागते. आमचे एक जुने काका म्हणायचे, "गेला तो, गावभर बोंब मारणार आता." चिलापीचं तसं नाही. एक सुटली तरी दुसरी तयार. निर्लज्ज जात.

आता ही बोंब ते कशाने मारतात?

मीनाक्षी
७ जानेवारी, रात्री ९:२०

गळवाले काका, तुमच्या जुन्या काकांना साष्टांग दंडवत. ही बोंब वासाने मारली जाते. कार्ल फॉन फ्रिश, म्हणजे मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडली म्हणून १९७३ चं नोबेल मिळालेले, त्यांना हा शोध जवळपास अपघाताने लागला. जखमी झालेला एक छोटा मिनो मासा त्यांनी परत पाण्यात सोडला आणि बाकीचा थवा पसार झाला. १९३८ मध्ये त्यांनी हे मांडलं. कातडीतल्या काही पेशी फुटल्या की एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि जातभाई दडी मारतात. कटला, रोहू, मृगळ, शिंगटे हे ज्या मोठ्या गटात मोडतात, त्यात ही यंत्रणा विशेष प्रसिद्ध आहे.

चिलापी त्या गटात नाही. म्हणजे तुमचं निरीक्षण बसतं खरं, पण मी लगेच शिक्का मारणार नाही, कारण चिलापी ज्या कुळातली ते सिक्लिडही जखमी भाईबंदाच्या वासाने बिचकतात असं दिसलंय. कदाचित चिलापी नुसती भुकेली असेल.

दातखिळी डॉक्टर, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस द्या. सोपा नाहीये.

पेठरोड
७ जानेवारी, रात्री ९:३३

अवांतर: काका, रविवारी फुगवट्यावर जाताना वाटेत मिसळ कुठे खाता?

गळ आणि गप्पा
७ जानेवारी, रात्री ९:४०

ते इथे लिहिलं तर चारशे प्रतिसाद मिसळीवरच पडतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निफाडची द्राक्षं
८ जानेवारी, सकाळी ६:५०

आज आमच्याकडे पारा ७ वर आहे. बागेत शेकोट्या पेटवून आत्ताच घरात आले. तुमचं सर्किट आणि कॉर्टेक्स राहू दे बाजूला. शिलेदार, तुमच्या टँकमध्ये हीटर आहे का? असेल तर कुठल्या कोपऱ्यात आहे?

सिडकोचा शिलेदार
८ जानेवारी, सकाळी ८:१५

…

मागच्या डाव्या कोपऱ्यात.

कोष्टक
८ जानेवारी, सकाळी ८:२२

हाहाहा! प्रेमभंग नाही, थंडी! धागा बंद करा, संपादक.

सिडकोचा शिलेदार
८ जानेवारी, रात्री ९:००

थर्मामीटर आणला. हीटरजवळ २४, दुसऱ्या टोकाला २१. हीटर पन्नास वॉटचा आहे, तीन फुटी टँकला तो पुरत नाही असं दुकानदार आज म्हणाला (विकताना म्हणाला नव्हता). मोठा घेऊन आलोय. पाणीही तपासलं. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट जरा चढलेलं. तीस टक्के पाणी बदललं.

आईला सांगितलं की ती शेकत बसली होती. आई म्हणाली, "माणूस गेलेल्या घरात थंडी जास्तच वाजते." यावर काय बोलणार?

मीनाक्षी
८ जानेवारी, रात्री ९:५०

निफाडताईंना पहिला नंबर. आम्ही कुणीच हे विचारलं नाही याची लाज वाटते. माशाच्या वागण्याबद्दल बोलायच्या आधी पाणी, तापमान, रोग हे तपासायचं, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा.

आईंच्या वाक्याला मात्र शास्त्रात एक मजेदार जोड आहे. आपल्याला ताणाखाली थोडा ताप चढतो, परीक्षेच्या दिवशी वगैरे. सस्तन प्राणी, पक्षी यांच्यात हे माहीत होतं. मासा थंड रक्ताचा, आतून ताप आणू शकत नाही. पण गरम पाण्यात जाऊन बसू शकतो. २०१५ मध्ये स्टर्लिंगच्या सोनिया रे आणि बार्सिलोनाच्या सहकाऱ्यांनी ७२ झेब्राफिश घेतले. टँकला सहा कप्पे, १८ ते ३५ अंश. अर्ध्या माशांना पंधरा मिनिटं जाळीत कोंडून ठेवलं, मग सोडलं. कोंडलेले मासे जास्त गरम कप्प्यांत रेंगाळले आणि त्यांचं शरीर दोन ते चार अंशांनी तापलं. याला त्यांनी भावनिक ताप म्हटलं.

म्हणजे मासा हीटरजवळ बसला यावरून थंडी की ताण हे ठरत नाही. दोन्ही असू शकतं.

कोष्टक
८ जानेवारी, रात्री १०:३०

पुढचं पान उलटायचं राहिलं का, मीनाक्षीताई? २०१९ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या गटाने तसाच प्रयोग करून पाहिला आणि असा ताप त्यांना सापडला नाही. जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजीत आलंय.

मीनाक्षी
८ जानेवारी, रात्री १०:४४

उलटलं होतं, लिहिणार होते, तुम्ही आधी पोचलात. बरोबर आहे. त्या निष्कर्षावर मी स्वतः पैज लावणार नाही.

पण असं बघा, एक खांब डळमळला म्हणून मांडव पडत नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेलं पोर्तुगालच्या रुई ओलिव्हेरांच्या गटाचं काम घ्या. झेब्राफिश घाबरलेल्या झेब्राफिशकडे नुसतं बघून घाबरतात. वास नाही, काचेतून बघून. ऑक्सिटोसिनची जनुकं काढून टाकलेले मासे मात्र बघूनही ढिम्म. त्यांना ऑक्सिटोसिन टोचलं की भीती पुन्हा लागण झाल्यासारखी पसरते. आई-बाळाच्या नात्यात आपल्याकडे जे रसायन काम करतं, त्याच रसायनाची माशातली आवृत्ती. आपला आणि माशाचा सामाईक पूर्वज ४० कोटी वर्षांहून जुना आहे हे लक्षात घ्या.

ले डू म्हणतो तसं याला भीती म्हणायचं की आणखी काही, यावर भांडा. मला चालेल. पण "मध्ये कुणी राहत नाही" हे तुम्हाला आता तितक्या खात्रीने म्हणता येणार नाही. आणि कॉर्टेक्सचं म्हणाल तर कावळ्यालाही आपल्यासारखं सहा थरांचं कॉर्टेक्स नाही. कावळ्याला काही कळत नाही असं म्हणायला पंचवटीत पिंडदानाच्या घाटावर जाऊन बसा तासभर.

कोष्टक
८ जानेवारी, रात्री ११:०२

कावळ्यापुढे हात टेकले. माशाबाबत मी "माहीत नाही" वर येतो. तुम्ही "आहे" वरून किती उतरता ते सांगा.

भोईवाड्याची
९ जानेवारी, दुपारी ३:१५

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारं आणि विकणारं. आजी पाटी घेऊन बसायची. मरळ कशी असते ठाऊक आहे ना, वरची हवा घेते, ओल्या फडक्यात तास-तासभर जिवंत राहते. गिऱ्हाईकाला जिवंत लागते, ताजी म्हणून. आजी समोर गिऱ्हाईक उभं असताना लाकडी दांडक्याने डोक्यात एकच घाव घालायची, मग खवले काढायची. शेजारच्या बायका तशीच कापायच्या, हातात वळवळत असताना. आजी म्हणायची, "तडफडलेल्या मासळीला चव राहत नाही."

मी लहानपणी समजायचे की हे चवीसाठीच. खूप नंतर एकदा ती म्हणाली, "तिच्या डोळ्याकडे बघून सुरी चालत नाही माझी."

इथे कुणी शाकाहाराचं व्याख्यान सुरू करू नका म्हणून आधीच सांगते, आम्ही मासे खातो आणि खाणार. पण माशाला कळत नाही हे आमच्या घरात कुणी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. कळत नाही असं म्हणणारे सगळे पाकिटातली फिले घेणारे भेटले.

मीनाक्षी
९ जानेवारी, दुपारी ४:००

आजीचं चवीचं म्हणणंही शास्त्राला धरून आहे. मासा तडफडत मेला की स्नायूंतला साखरेचा साठा संपतो, आम्ल वाढतं, अंग लवकर ताठरतं आणि मांस बिघडतं. जपानमध्ये मेंदूत टोचून क्षणात मारण्याची इकेजिमे नावाची जुनी पद्धत आहे ती याचसाठी. युरोपात सामन मारण्याआधी डोक्यात फटका देऊन बेशुद्ध करणारी यंत्रं असतात. आजीचं दांडकं तेच काम करत होतं.

वकीलपाडा
९ जानेवारी, सायं. ६:२०

कायद्याची बाजू दोन ओळींत. आपल्या १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्य सोडून कोणताही जिवंत प्राणी. मासा आपोआप आत आला. रोम शहराने तर २००५ मध्ये गोल्डफिश गोल भांड्यात ठेवायलाच बंदी घातली.

कोष्टक
९ जानेवारी, सायं. ६:५०

न्यूयॉर्कमध्ये एप्रिल २०२४ ला शास्त्रज्ञ-तत्त्वज्ञांनी जाहीरनामा काढला, त्यात सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांना, माशांसकट, जाणीव असण्याची "वास्तव शक्यता" आहे असं म्हटलंय. शक्यता हा शब्द मला पटतो. भोईवाड्याची ताई, तुमचा प्रतिसाद मात्र दोनदा वाचला.

मीनाक्षी
९ जानेवारी, रात्री ९:१५

दातखिळी डॉक्टर, उधारी फेडते. सीमारेषा आखायची एक रीत अशी. बेशुद्ध माणूस हात मागे घेतो, पण संदिग्ध गोष्टीचा अर्थ लावत नाही. उदास माणूस अर्थ लावतो, आणि वाईट लावतो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं एवढाच निरोप. खुशीतला माणूस म्हणतो बढती, चिंतेतला म्हणतो मेमो. याच धर्तीवर प्राण्यांची चाचणी होते.

आणि शिलेदार, आता सावरून बसा. ही चाचणी २०१९ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँच्या गटाने ज्या माशावर केली तो तुमच्याच घरात आहे. कॉन्व्हिक्ट सिक्लिड. आणि केली ती माद्यांवर!

हा मासा जोडीने राहतो, नर-मादी मिळून अंडी-पिल्लं राखतात. त्यांनी आधी मादीला दोन नर दाखवून तिची आवड पाहिली. काही माद्यांना आवडता नर दिला, काहींना नावडता. आवडत्याबरोबरच्या माद्यांची वीण जास्त यशस्वी झाली. मग झाकणाच्या डब्या. एका रंगाच्या झाकणाखाली खाऊ, दुसऱ्या रंगाखाली काही नाही. माद्या झाकण उघडायला शिकल्या, आणि कुठलं उघडण्यात अर्थ नाही तेही शिकल्या. नंतर मधल्या जागी, मधल्या करड्या रंगाचं झाकण. उघडेल का? किती वेळाने? आवडता नर काढून घेतल्यावर मादी करड्या झाकणापाशी रेंगाळायला लागली. तिच्या लेखी डबी रिकामी असण्याची शक्यता वाढली होती.

तिला "वाईट वाटलं" असं त्या लोकांनीही लिहिलं नाही. निराशावादी कल म्हटलं. पण आईंना हे वाचून दाखवा.

सिडकोचा शिलेदार
९ जानेवारी, रात्री ९:४०

दाखवलं. आई म्हणाली, "फ्रान्सला जायची काय गरज होती?"

बाबा काही बोलले नाहीत. नंतर चष्मा लावून टँकजवळ उभे होते.

सिडकोचा शिलेदार
१७ जानेवारी, रात्री १०:०५

आठवडाभर गायब होतो, कारण मी प्रयोग केला. सांगतो, शिव्या घाला.

मोठ्या हीटरने पाणी सगळीकडे २६ झालं. तिसऱ्या दिवशी ती कोपऱ्यातून निघाली. कोष्टक खूश व्हा. पण खडी उकरणं नाही, बोटावर धावणं नाही. कुंडीच्या तोंडाशी बसते. ती कुंडी म्हणजे त्यांची अंडी घालायची जागा.

मग बाटल्यांची झाकणं आणली. काळ्याखाली गोठवलेल्या अळ्यांचा तुकडा, पांढऱ्याखाली काही नाही. टँकच्या तळाशी चकती ठेवून वर झाकण. पहिले दोन दिवस तिने ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी काळं उलथवलं. पाचव्या दिवशी काळं ठेवताच येऊन उलथवायची, पांढऱ्याकडे बघायचीही नाही. आम्ही तिघं टाळ्या वाजवत होतो. तीन सेकंदवाले बाबा सगळ्यात जोरात.

काल करडं झाकण ठेवलं. बाबा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसले. ती आली, समोर थांबली. अडतीस सेकंद. वळली. परत आली. एक मिनिट बारा सेकंदांनी उलथवलं. काळ्याला तिला पाच-सहा सेकंद लागतात.

आई म्हणाली, "बघ!" बाबा म्हणाले, "उघडलं ना पण शेवटी!" आता तुम्ही सांगा.

मीनाक्षी
१७ जानेवारी, रात्री १०:५०

पाच दिवसांत झाकणं शिकवलीत? आमच्याकडचे पीएचडीवाले रडले असते.

पण यातून काहीही सिद्ध होत नाही, आणि हे सांगताना मलाच वाईट वाटतंय. नर जिवंत असताना तिला करड्यासाठी किती वेळ लागायचा ते तुमच्याकडे नाही. कदाचित ती जन्मतःच संशयी असेल. एकच मासा, एकच वेळ. तुम्ही तिघं काचेला नाक लावून उभे, त्याचाही परिणाम. "आधी" नसेल तर "नंतर"ला अर्थ नाही.

कोष्टक
१७ जानेवारी, रात्री ११:१०

शिलेदार, मी तुमच्या बाजूने बोलतोय हे लिहून ठेवा. कॅलिब्रेशन नसलेलं उपकरण आहे, पण उपकरण आहे. आता तिला ठेवा, महिनाभर दर आठवड्याला एकदा करडं द्या, वेळ लिहा. वेळ कमी होत गेला तर निदान काहीतरी बदलतंय एवढं कळेल. नुसतं करड्याची सवय झाली असंही असू शकतं, म्हणून कधी करड्याखाली खाऊ ठेवू नका.

बाबांना माझ्याकडून स्टॉपवॉचबद्दल शाबासकी.

दातखिळी
१८ जानेवारी, सकाळी ९:०५

मेमो की बढती, हे उदाहरण काल रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं. आता मी बोलावलं की ती विचारते, "सर, करडं की काळं?"

सिडकोचा शिलेदार
१८ जानेवारी, रात्री ९:३०

कोष्टक, वही केली. बाबांनी रेघा आखल्यात.

एक शेवटचं. घरात दोन तट आहेत. बाबांचं म्हणणं, नवीन नर आणू, बघू काय होतं. आई म्हणते इतक्यात नको. दुकानदाराकडे दोन नर आहेत, चार-चार इंचाचे. काय करू?

गळ आणि गप्पा
१८ जानेवारी, रात्री ९:४८

आणा की. जीव रमेल.

पेठरोड
१८ जानेवारी, रात्री १०:०२

थेट सोडू नका हं. माझ्याकडे कॉन्व्हिक्टची जोडी होती, नवीन नर सोडला तेव्हा मादीने रात्रीत त्याची शेपटी कुरतडून ठेवली. मधे काच किंवा जाळी लावा, आठ-दहा दिवस एकमेकांना बघू द्या.

मीनाक्षी
१८ जानेवारी, रात्री १०:१५

दोन्ही नर आणा. टँकचे तीन भाग करा, ती मध्ये, ते दोघं दोन बाजूंना. ती कुणाच्या काचेपाशी जास्त वेळ घालवते ते वहीत लिहा. आवडेल तो ठेवा, दुसरा परत करा. मात्र हे महिनाभराची करडी झाकणं झाल्यावर. आधी केलंत तर कोष्टक मला झोपू देणार नाहीत.

निफाडची द्राक्षं
१८ जानेवारी, रात्री १०:२१

म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम! आईंना सांगा, पोहे मी करून आणते.

सिडकोचा शिलेदार
१८ जानेवारी, रात्री १०:४०

सांगितलं. आई म्हणाली, "महिना नाही, वर्षश्राद्ध होऊ दे." बाबांनी वहीत बारा पानं जास्तीची आखली.